विल्सनच्या औषधाच्या नावाखाली १,६३,७५० रुपयांची फसवणूक

विल्सन आजाराचा, म्हणजे शरीरात तांबे साठत जाणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, रुग्ण घरात असेल आणि त्यावरच्या ‘ट्रायएंटीनची सोय करून देतो’ असा फोन आला, तर तो तिथल्या तिथे बंद करावा, यासाठी हे लिहीत आहे. लिहिताना लाज वाटते, कारण माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा आहे आणि दुसऱ्यांच्या बिलांतली खोट काढण्यावर माझे घर चालते.

माझ्या सतरा वर्षांच्या मुलाचे निदान गेल्या वर्षी झाले. रक्तातले सेरुलोप्लाझ्मिन हे तांबे वाहणारे प्रथिन फारच कमी, चोवीस तासांच्या लघवीत तांबे वाढलेले, डोळ्यांत कायसर-फ्लायशर कडी, म्हणजे बुबुळाभोवती साठलेल्या तांब्याची वर्तुळे. संशयाला जागा नव्हती. पेनिसिलामाइन या पहिल्या औषधाने लघवीतले तांबे ६४० मायक्रोग्रॅमपर्यंत गेले, म्हणजे औषध साठलेले तांबे बाहेर काढत होते. पण पुढे लघवीतून प्रथिने जाऊ लागल्याने ते थांबवावे लागले आणि डॉक्टरांनी ट्रायएंटीन लिहून दिले. ते मिळेपर्यंत जस्ताच्या गोळ्या होत्या. ठाण्यात मी विचारलेल्या एकाही दुकानात ते नव्हते. या आजारात उपचारात खंड पडला तर यकृत अचानक निकामी होऊ शकते, हे ठाऊक असलेल्या बापाने किती काळ शांत बसायचे, हे मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी आधी सांगावे.

पालकांच्या एका व्हॉट्सॲप गटातून, ट्रायएंटीन मिळवून देतो म्हणणाऱ्या एका माणसाने माझा नंबर मिळवला आणि वाशी स्थानकाबाहेर भेटायला बोलावले. ज्याच्या बिघाडाने हा आजार होतो ते एटीपी७बी जनुक, सख्ख्या भावंडांना असलेला चारांत एक धोका, हे सारे त्याला तोंडपाठ होते. धाकट्या मुलीचीही तपासणी करून घ्या, असे त्यानेच बजावले. त्याचे बहुतेक बोलणे खरे होते, म्हणूनच उरलेले खपले. दोन बाटल्यांचे ३७,००० रुपये मी त्याने दिलेल्या खात्यावर पाठवले. खाते कंपनीचे नव्हते, एका व्यक्तीचे होते, आणि पावती ‘माल पोहोचल्यावर’ मिळणार होती. जीएसटी बिलावर बॅच क्रमांक नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

माल आला तो मे महिन्यात, साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. बाटलीवर ट्रायएंटीन डायहायड्रोक्लोराइड असे नाव आणि २ ते ८ अंश तापमानात ठेवण्याची सूचना स्पष्ट छापलेली होती. आत बर्फाची पिशवी नव्हती आणि बाटली हाताला कोमट लागत होती. मी लगेच फोन केला. “साहेब, हा नवीन क्षार आहे, याला फ्रिज लागत नाही,” असे उत्तर आले. क्षार म्हणजे त्याच औषधाचे वेगळे रासायनिक रूप. मी इंटरनेटवर शोधले, तर खरोखरच टेट्राहायड्रोक्लोराइड हा प्रकार बाहेरच्या तापमानात टिकतो. बाटलीवर मात्र जुन्याच क्षाराचे नाव होते. हे तेव्हाच दिसायला हवे होते, असे आता नातेवाईक सांगतात. त्यांच्यापैकी दोघांनी ती बाटली हातात घेऊन पाहिली होती आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता.

त्यानंतर सहा महिन्यांच्या साठ्यासाठी १,१२,००० आणि ‘कस्टम्स सोडवण्यासाठी’ १४,७५० रुपये गेले. तो साठा आलाच नाही. दरम्यान त्या बाटल्यांतल्या कॅप्सूल घेणाऱ्या मुलाच्या लघवीतले तांबे ११८ वर उतरले, तेव्हा त्या माणसाने ‘तांबे संपत आले’ म्हणून माझे अभिनंदन केले! डॉक्टरांनी तोच आकडा पाहून मुलाला विचारले, “गोळ्या घेतोस ना रे?” म्हणजे साठलेले तांबे बाहेर पडतच नव्हते. यकृताच्या तपासण्याही बिघडल्या होत्या. उपचाराच्या सुरुवातीच्या काळात हा आकडा असा कोसळला, तर आनंद मानण्याआधी बाटली डॉक्टरांसमोर ठेवा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न होता, “पैसे तुम्हीच पाठवलेत ना?” दुसरा, भेट वाशीत झाली असताना ठाण्यात तक्रार कशाला? ठाणे आणि नवी मुंबई यांची पोलीस आयुक्तालये वेगळी, म्हणून मला खाडीपलीकडे पाठवले. तिथल्यांनी राहता पत्ता पाहून परत पाठवले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घेतली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. हे मी छापून नेले, तर हवालदाराने तो कागद उलटा करून त्यावर माझा मोबाईल नंबर लिहून घेतला. बँकेने ‘व्यवहार ग्राहकानेच मंजूर केला आहे’ एवढे एक वाक्य कळवले. औषध खात्याच्या कार्यालयात बिल मागितले. बिल असते तर मी तिथे कशाला गेलो असतो? ‘फोडलेल्या बाटलीचा नमुना घेता येत नाही’ म्हणून मला उठवले गेले. खरेदी केलेले औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देण्याचा हक्क १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील कलम २६ ने सामान्य माणसालाही दिला आहे, हे त्या इमारतीतल्या एकानेही सांगितले नाही. ते मला एका ओळखीच्या वकिलाकडून कळले.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढे सरकण्यापूर्वीच ती गोठवता येते. परदेशी औषध स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे आणायचे असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नमुना १२-अ मध्ये अर्ज करावा लागतो आणि परवाना १२-ब मध्ये मिळतो. मुलाचे जस्त पुन्हा सुरू झाले असून १२-अ चा अर्ज आता डॉक्टरांच्या सहीने गेला आहे. उरलेल्या कॅप्सूल मी फेकलेल्या नाहीत. कलम २६ खालचा अर्ज त्यांच्यासोबत जाणार आहे.