फोल्डर की टाइमलाइन? फाइलींचा पडदा आखण्याआधी

छोट्या ऑफिससाठी किंवा घरच्या कागदपत्रांसाठी अ‍ॅप करायला घेतलं की सुरुवातीच्या बैठकांत कुणीतरी म्हणतंच, “फोल्डरबिल्डर सोडा, सरळ टाइमलाइन देऊ. तारखेनं सगळं सापडतं.” लगेच दुसरा म्हणतो, “लोकांना फोल्डरची सवय आहे, कशाला डोक्याला ताप?” मग कोपऱ्यात ‘नुकतंच उघडलेलं’ अशी एक यादी टाकून विषय मिटवला जातो. त्या बैठकीत ज्यांना निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी हा आढावा. माझा कल आधीच सांगून टाकतो. टाइमलाइन फोल्डरच्या जागी नको, फोल्डरच्या जोडीला हवी. आणि ती दिसेल कशी याच्या आधी ती कुठल्या तारखेवर चालेल हे ठरवायला हवं.

सगळ्या पर्यायांना तीच तीन कामं लावून बघू. पहिलं: गेल्या वर्षी गणपतीच्या जरा आधी कुणाला तरी पाठवलेलं कोटेशन शोधायचंय, फाइलचं नाव आठवत नाही. दुसरं: एका ग्राहकाची करारापासून शेवटच्या बिलापर्यंत सगळी कागदं एकत्र हवीत. तिसरं: गेल्या मंगळवारी ठीक असलेली एक्सेल शीट आज बिघडली आहे, जुनी परत हवी.

साध्या फोल्डरला दुसरं काम सोपं जातं. पहिल्यात तो अडखळतो, कारण ‘कोटेशन’मध्ये ठेवलं की ‘ग्राहक’मध्ये, हेच आठवावं लागतं. तिसऱ्यात तो हात वर करतो, आणि मग ‘फायनल’, ‘फायनल_२’, ‘फायनल_खरंच’ अशी पिलावळ वाढते. तरी लोक फोल्डर सोडत नाहीत. अभ्यासक डेबोरा बॅरो आणि बॉनी नार्डी यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलंय की माणसं फाइल शोधताना आधी ठिकाणाकडे जातात, आणि डेस्कटॉपवर पडलेली फाइल त्यांना करायच्या कामाची आठवणही करून देते. पुढे सर्च कितीतरी सुधारलं, पण ओफर बर्गमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांतही लोक आधी फोल्डरमधून चालत जाणंच पसंत करताना दिसले. तेव्हा फोल्डर ही जुनी खोड आहे असं समजून पडदा आखू नका.

एकच प्रवाह: लाइफस्ट्रीम्स

फोल्डर पूर्ण काढून टाकायचा सर्वांत धीट प्रयत्न येल विद्यापीठातला. एरिक फ्रीमन आणि डेव्हिड गेलर्न्टर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर ‘लाइफस्ट्रीम्स’ मांडलं. फाइलला नाव देण्याची सक्ती नाही, जागा निवडायची नाही. जे तयार होईल, जे येईल ते एकाच कालक्रमाच्या प्रवाहात जातं. शेपूट भूतकाळात, तोंड वर्तमानात. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे प्रवाह भविष्यातही जात होता: पुढच्या महिन्याची भेट किंवा करायचं काम पुढच्या तारखेला ठेवायचं, तो दिवस आला की ते समोर येणार. एखाद्या विषयाचं सगळं हवं असेल तर शोध द्यायचा, आणि त्या शोधाचा एक उपप्रवाह तयार होतो. नवं काही आलं तर तेही त्यात आपोआप सामील.

पहिल्या कामाला हे उत्तम. दुसऱ्या कामाला उपप्रवाह चालतो, पण कागदात त्या ग्राहकाचं नाव असेल तरच. स्कॅन केलेल्या, अक्षरं न ओळखलेल्या पावतीत शोधाला काही सापडत नाही. ती नुसती तारखेवर लटकत राहते. यातून निघालेल्या मिरर वर्ल्ड्स कंपनीनं ‘स्कोपवेअर’ नावानं उत्पादन आणलं, पण २००४ मध्ये काम थांबवलं. (पुढे त्यांच्या पेटंटवरून अ‍ॅपलशी खटला झाला. २०१० मध्ये ज्युरीनं ६२ कोटी ५५ लाख डॉलरचा निकाल दिला, २०११ मध्ये न्यायाधीशांनी तो रद्द केला. कल्पना विकली गेली नाही, तरी तिच्यावर भांडण मात्र मोठं झालं.)

माझ्या मते इथून उचलायच्या दोन गोष्टी आहेत: जिवंत राहणारा उपप्रवाह आणि भविष्यात ठेवता येणारी फाइल. विमा पॉलिसीची पीडीएफ नूतनीकरणाच्या तारखेला स्वतःहून वर येते, हे आजही बहुतेक अ‍ॅपमध्ये नाही. फोल्डर हटवण्याचा हट्ट मात्र तिथेच राहू द्या.

तारखेची पट्टी: फोटोंचं गणित

ज्या ठिकाणी टाइमलाइन निर्विवाद जिंकली ते ठिकाण म्हणजे फोटो. २०१५ मध्ये आलेल्या गूगल फोटोजमध्ये कडेची पट्टी ओढली की वर्षं-महिने सरकत जातात. अ‍ॅपलच्या फोटो अ‍ॅपनं २०१९ मध्ये वर्ष, महिना, दिवस अशा पायऱ्या दिल्या. इथे टाइमलाइन का चालते? फोटोला नाव कुणी देत नाही, चित्र लांबूनही ओळखू येतं, आणि कॅमेरा तारीख फाइलच्या आतच लिहून ठेवतो.

ऑफिसच्या कागदांना यातलं पहिलं आणि तिसरं फारसं लागू नाही, दुसरं तर अजिबात नाही. पन्नास पीडीएफची लघुचित्रं शेजारी ठेवली तर पन्नास पांढरी पानं दिसतात. म्हणून कागदपत्रांच्या टाइमलाइनमध्ये चित्राच्या ग्रिडपेक्षा एका ओळीची यादी बरी: नाव, कुणाकडून, कशाचं.

पट्टीची लांबी कशी मोजायची, हा प्रश्न मला सगळ्यांत रंजक वाटतो. प्रत्येक महिन्याला सारखी जागा दिली तर मार्चमध्ये फाइलींची चेंगराचेंगरी होते आणि मे रिकामा दिसतो. फाइलींच्या संख्येप्रमाणे जागा दिली तर स्क्रोल सुखाचं होतं, पण ‘दोन महिने काहीच झालं नाही’ ही माहिती हरवते. शोधण्यासाठी दुसरी पद्धत घ्या. कामाची लय बघायची असेल, प्रकल्पाचा आढावा घ्यायचा असेल, तर पहिली. एकाच पट्टीवर दोन्ही साधायला गेलात तर वापरणाऱ्याला दोन्ही धड कळत नाही.

पट्टीवर खुणा काय ठेवायच्या? २००३ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या मेरेडिथ रिंगेल, एड कटरेल, सुझन ड्युमे आणि एरिक हॉर्विट्झ यांनी शोधाच्या निकालांशेजारी नुसत्या तारखांऐवजी सण, बातम्या, स्वतःच्या भेटी आणि फोटो अशा खुणा ठेवून पाहिल्या. लोकांना हवं ते लवकर सापडलं. आपल्याकडे तर हे फारच गरजेचं आहे. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. ‘गणपतीच्या आधी’ ही आठवण पक्की असते, तारीख नाही. पट्टीवर गणपती, दिवाळी आणि ३१ मार्च या तीन खुणा टाकल्या तरी पहिलं काम निम्म्यावर येईल. आणि ऑफिसचं अ‍ॅप असेल तर वर्ष एप्रिलपासून सुरू करायची सोय द्याच. सीएला ‘२०२४’ हे वर्ष कळत नाही, ‘२०२४-२५’ कळतं.

कामाची नोंद: विंडोज टाइमलाइन आणि रिकॉल

तिसरा प्रकार फाइलींचा नसून तुम्ही काय काय केलंत याचा. २०१८च्या एप्रिल अपडेटमध्ये विंडोज १०ला ‘टाइमलाइन’ मिळाली. विंडोज आणि टॅब एकत्र दाबलं की उघडलेले दस्तऐवज आणि वेबपानं दिवसावार दिसायची, खात्यातून नोंदी पाठवायची परवानगी दिली तर ३० दिवसांपर्यंतची. कल्पना चांगली होती, पण प्रत्येक अ‍ॅपनं आपली नोंद स्वतः द्यायची होती, आणि पुष्कळ अ‍ॅपनी ती दिली नाही. ज्या टाइमलाइनवर तुमचं निम्मं काम दिसत नाही, तिच्यावर विसंबायला माणूस दोनदा जातो, तिसऱ्यांदा जात नाही. २०२१ मध्ये यंत्रायंत्रांतला सिंक बंद झाला, आणि त्याच वर्षीच्या विंडोज ११ मध्ये हे दालनच नव्हतं.

मग मायक्रोसॉफ्ट उलट टोकाला गेलं. २०२४च्या मे महिन्यात जाहीर झालेलं ‘रिकॉल’ अ‍ॅपवर अवलंबून राहत नाही, दर काही सेकंदांनी पडद्याचंच चित्र टिपून ठेवतं. ‘ते निळ्या तक्त्याचं पान कुठे पाहिलं होतं’ अशा प्रश्नाला उत्तर मिळू शकतं. पण बँकेचं पान, खासगी संदेश, सगळंच टिपलं जाणार म्हटल्यावर सुरक्षा-अभ्यासकांनी झोड उठवली. ते पुढे ढकललं गेलं, आणि २०२५च्या एप्रिलमध्ये आलं तेव्हा स्वतःहून चालू करावं लागेल अशा रूपात आलं.

ठरवणाऱ्यानं एवढं बघावं: ऑपरेटिंग सिस्टिम तुमची नसेल तर नोंद अपुरीच राहणार, आणि ती पुरी करायला गेलात तर पाळत वाटणार. छोट्या टीमनं या वाटेला जाऊ नये. स्वतःच्या अ‍ॅपमध्ये घडलेलं तेवढं नोंदवा: उघडलं, पाठवलं, छापलं. ‘पाठवलं’ ही नोंद तर सोन्यासारखी. पहिल्या कामातलं कोटेशन तिच्यामुळेच सापडतं.

जागा तीच, काळ मागे: टाइम मशीन

तिसऱ्या कामासाठी वरचे सगळे कमी पडतात, कारण ते फाइल दाखवतात, फाइलचं पूर्वीचं रूप नाही. अ‍ॅपलनं २००७ मध्ये मॅकच्या ‘लेपर्ड’ या आवृत्तीबरोबर दिलेलं ‘टाइम मशीन’ इथे उठून दिसतं. तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात त्याचीच खिडकी मागे मागे रचलेली दिसते, उजव्या कडेला तारखांची पट्टी. फोल्डर जागचा हलत नाही, नुसता काळ सरकतो. साठवणही विचारपूर्वक आहे: गेल्या २४ तासांच्या तासातासाच्या प्रती, गेल्या महिन्याच्या रोजच्या, त्याआधीच्या आठवड्याच्या. जितकं मागे जाल तितकं विरळ, आणि आपल्याला लागतंही तसंच. अंतराळातल्या ताऱ्यांची ती सुरुवातीची पार्श्वभूमी अंमळ जास्तच होती, पण मांडणीचा गाभा पक्का.

हाच धागा संशोधक जुन रेकिमोतो यांच्या १९९९ मधल्या ‘टाइमस्केप’ या प्रयोगात आधी दिसला होता. तिथे आख्खा डेस्कटॉपच काळात मागे-पुढे नेता यायचा. त्यामुळे आजच्या डेस्कटॉपवरून वस्तू बिनधास्त काढता येते. काल ती तिथे होतीच, कालच्या तारखेला मागे गेलात की सापडेल. ठिकाण आणि काळ यांत निवड करायची गरजच नाही, असं ज्यांना पटवायचं असेल त्यांना हा प्रयोग दाखवा.

आता तारखेचं

इथपर्यंत आलेले बहुतेक आराखडे इथे फसतात, म्हणून जरा थांबू. एका फाइलला किती तारखा असतात? तयार झाल्याची, बदलल्याची, उघडल्याची, मिळाल्याची, आणि कागदावर छापलेली. १९९८च्या खरेदीखताचं स्कॅन आज केलं तर संगणकाच्या लेखी ते आजचं. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की ‘तयार झाली’ ही तारीख आजची होते आणि ‘बदलली’ ही जुनीच राहते. म्हणजे फाइल जन्माआधीच बदललेली दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रातली कॅमेऱ्याची तारीख गळून गेलेली असते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर टिकते. आणि एखाद्या फाइलची तारीख १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी दिसली तर गोंधळू नका. तिथे तारीख नाहीच, शून्य आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची वेळमोजणी ज्या शून्य सेकंदापासून सुरू होते, तो भारतीय वेळेत तेव्हा येतो.

सामायिक ड्राइव्हमध्ये तर आणखी वेगळीच अडचण. सहकाऱ्यानं एक स्वल्पविराम बदलला की तुमच्या टाइमलाइनवर फाइल उडी मारून वर येते. गूगल ड्राइव्हनं ‘शेवटचा बदल’, ‘मी केलेला शेवटचा बदल’ आणि ‘मी शेवटचं उघडलेलं’ हे वेगळे ठेवलेत ते यासाठीच. जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांची कागदी पाकिटांची पद्धतही ‘वापरलं’ या एकाच तारखेवर चालते: हाताळलेलं पाकीट फळीवर डाव्या टोकाला ठेवायचं, न लागणारी आपोआप उजवीकडे सरकत जातात. चालू कामाला याहून सोपं काही नाही. पण सात वर्षांपूर्वीचं बिल काढायला ती पद्धत उपयोगाची नाही.

म्हणून माझी वाटणी अशी. घरच्या कागदपत्रांचं किंवा फोटोंचं अ‍ॅप असेल तर तारखेची पट्टी मुख्य ठेवा, आणि कागदावरची तारीख बोटानं दुरुस्त करता येईल अशी सोय पहिल्या आवृत्तीतच द्या. ऑफिसचं असेल तर ग्राहकाचा फोल्डर मुख्य. त्याच्या आत टाइमलाइन, डीफॉल्ट ‘पाठवलं’ किंवा ‘कागदावरची तारीख’, आणि प्रत्येक फाइलमागे जुन्या आवृत्त्या. नुसतीच सोय हवी, नवं काही बांधायचं नाही, असं असेल तर आहे त्या फोल्डरला तारखेनं गट पाडून बघा. विंडोज एक्स्प्लोररमध्ये ‘आज, काल, गेल्या आठवड्यात’ असे गट आधीपासून आहेत, आणि फाइलनाव २०२५-०८-२७ अशा क्रमानं सुरू केलं तर नावानं लावली तरी ती कालक्रमानंच लागते.

काही बांधलंत तर खऱ्या लोकांसमोर ठेवण्याआधी एक चाचणी करा. दोनशे जुन्या फाइली पेन ड्राइव्हवर कॉपी करा, तिथून दुसऱ्या संगणकावर घ्या, आणि त्यातल्या काही झिप करून, काही व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवून आणा. मग तुमची टाइमलाइन उघडा आणि आजच्या तारखेखाली किती फाइली साचल्यात ते मोजा.