४८,५०० रुपयांची तोफ

आधी आकडा घ्या आणि हसून मोकळे व्हा. चारशे वर्षांपूर्वीचं म्हणून घेतलेलं छापचित्र ४२,०००, फ्रेम ४,३००, कुरिअर २,२००. एकूण ४८,५०० रुपये, आणि भिंतीवर इंकजेटचा प्रिंटआउट.

चित्र 'नोव्हा रेपेर्ता' (नवे शोध) या मालिकेतलं तिसरं, 'पुल्विस पिरियस', म्हणजे बंदुकीची दारू. रेखाटन चित्रकार स्ट्राडानसचं, प्रकाशन अँटवर्पच्या फिलिप्स गालेचं, साधारण १५९० चं. तोफांची ओतशाळा, भट्टी, राबणारे कारागीर. विकणाऱ्याला सगळं तोंडपाठ! गाले घराण्याने चित्र कोरलेल्या त्याच तांब्याच्या पत्र्यांवरून पुढेही प्रती काढल्या, त्यामुळे उशिराची प्रत या भावात मिळणं मला अशक्य वाटलं नाही. इथवर माझी चूक नाही.

चूक पुढे. "फ्रेम उघडली तर सर्टिफिकेट रद्द," असं तो म्हणाला आणि मी "बरं" म्हणालो. तिथेच फोन आपटायला हवा होता. कागदाची पाठ दाखवत नाही त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

उघडल्यावर कोपऱ्यातला पाण्याचा डाग पुढून तपकिरी, मागून कोरा. डागच छापलेला. त्या काळचा हातकागद उजेडाकडे धरला की साच्याच्या तारांच्या बारीक दाट रेघा दिसतात आणि त्यांना छेदणाऱ्या, अडीचेक सेंटिमीटर अंतरावरच्या ठळक रेघा. इथे रेघांचे दोन संच निघाले: एक कागदाचा, दुसरा कुठल्यातरी संग्रहालयाच्या फुकट प्रतिमेतून आलेला. दोन्ही एकमेकांशी तिरके. दहापट भिंगाखाली कोरलेल्या पत्र्यावरून छापलेली रेघ टोकाला निमुळती होते, शाई किंचित उठलेली असते. इथे काळ्या रेघेत गुलाबी-पिवळे ठिपके. छापताना तांब्याच्या पत्र्याच्या कडेने कागदावर पडते ती खाच मात्र होती. ती कोरा पत्रा दाबूनही उठवता येते, तिच्यावर भुलू नका. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर चमकला तर तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. न चमकला तरी जुनाच असं नाही.

पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, "वस्तू मिळाली ना? मग दिवाणी बाब." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवाले म्हणाले ठाण्यात जा, ठाणं म्हणालं सायबरकडे जा, बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवलेत. चार फेऱ्या, तीन अर्ज, पोच एकाचीही नाही. एका साहेबांनी चित्र उलटसुलट करून विचारलं, "यात खोटं काय? तोफा तर दिसतायत की!" चारशे वर्षांचा कागद आणि झेरॉक्सचा कागद यांत फरक असतो हे सांगायला मी कुठल्या खात्यात जायचं?

फ्रेमशिवायच मागवा. पाठीमागून उजेड टाकून काढलेला फोटो आधी मागा. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ ठेवा, ग्राहक आयोगात तोच कामाला येईल.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. डाग त्याच कोपऱ्यात, भाव ४५,०००.