मेडिकल इक्विपमेंट मेंटेनन्सचा कोर्स केला, जमेल तसा रिव्ह्यू

वर्षभराचा कोर्स नुकताच संपवला, म्हटलं विचार करणाऱ्यांसाठी लिहून टाकू. इन्स्टिट्यूटचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण पुढे थोडी धुलाई पण आहे 😅

आधी चांगलं. इलेक्ट्रिकल सेफ्टीचं लॅब एक नंबर. पहिल्याच आठवड्यात सरांनी एक मॉनिटर टेबलवर ठेवला, अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजा म्हणाले. कॉर्डसकट ०.३ ओहमच्या आत हवा, आमचा ०.१५ आला, सगळे खुश. मग सर म्हणाले आता कॉर्ड प्लगपाशी हळूहळू वाकवत मोजा, आणि आकडा नुसता नाचायला लागला! आत अर्थच्या वायरचे दोन-तीनच धागे शिल्लक होते. तेव्हापासून मी घरातल्या प्रेसची कॉर्ड पण वाकवून बघते, सवयच लागली.

लीकेज करंट, म्हणजे मशीनमधून नकळत पेशंटकडे झिरपणारा करंट, पण असंच डोक्यात बसवलं. हृदयापर्यंत कॅथेटर (बारीक नळी) गेलेला असेल तर आपल्या बोटाला कळणारही नाही एवढा करंट धोक्याचा, म्हणून थेट हृदयाशी जोडायच्या सीएफ टाइपला नॉर्मल कंडिशनमध्ये लिमिट १० मायक्रोअँपियर, आणि शरीराला लागणाऱ्या पण थेट हृदयाशी न जोडायच्या बीएफ टाइपला १००. मशीनवर चौकोनात हृदयाचं चित्र असेल तर सीएफ, माणसाचं असेल तर बीएफ. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, मी आपली ती डिझाईन समजायचे.

पण सगळ्यात जास्त शिकले ते सरांनी मुद्दाम बिघडवून ठेवलेल्या मशीनवर. एकदा इन्फ्युजन पंप (ठरलेल्या वेगाने औषध सोडणारं मशीन) दिला, तक्रार अशी की औषध कमी जातं. १०० एमएल पर अवर लावून अर्धा तास मेजरिंग सिलिंडरमध्ये सोडलं, ५० यायला हवं तर ४६ आलं, म्हणजे ८ टक्के कमी, आणि त्या पंपाच्या मॅन्युअलमध्ये अधिक-उणे ५ होतं. आम्ही दोघींनी दुपारभर मोटर बघितली, सेन्सर साफ केला, बोर्ड पण काढून बघितला. शेवटी कळलं की मेनूमध्ये सेटचा (म्हणजे औषधाच्या नळीचा) ब्रँड भलताच सिलेक्ट केला होता! ट्यूब वेगळी, आतला व्यास वेगळा, मग पंपाचं गणित चुकणारच. ब्रँड बदलला, परत सोडलं, ४९.५.

डिफिब्रिलेटरचं (हृदयाला शॉक द्यायच्या मशीनचं) पण तेच. प्लगवर असताना पेशंटऐवजी जोडलेल्या ५० ओहमच्या टेस्ट लोडवर २०० ज्यूल लावून १९४ आले, म्हणजे झकास. मग सरांनी प्लग काढून बॅटरीवर घेतलं तर चार्ज व्हायलाच किती वेळ, जीव टांगणीला. प्लग काढून बघायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

आता धुलाई. एमआरआय आणि सीटी फक्त स्लाइडवर. एमआरआयचा मॅग्नेट कायम चालू असतो, लिक्विड हेलियम वजा २६९ डिग्रीला असतो हे पाठ झालं पण खोलीच्या दाराशीसुद्धा कुणी नेलं नाही. व्हेंटिलेटर दोन, त्यातला एक कायमचा झोपलेला. नेटवर्किंगला एक लेक्चर, तेही पळवलेलं, आणि आजकाल अर्ध्या मशीन हॉस्पिटलच्या नेटवर्कवर असतात राव.

इंटर्नशिपचं तर बोलूच नका. ब्रोशरमध्ये ‘प्रत्यक्ष हॉस्पिटल अनुभव’, आणि मी तीन आठवडे काय केलं तर मशीनवर नंबरचे स्टिकर चिकटवले आणि एक्सेल भरली. शेवटच्या आठवड्यात एक सिस्टर वैतागून मॉनिटर घेऊन आल्या, एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा) दिसत नाही म्हणून, तेव्हा मला एकटीला काम मिळालं. मी आधी दुसरा प्रोब लावून बघितला, लगेच ९८. जुन्या प्रोबच्या कनेक्टरची एक पिन वाकलेली. सिस्टर म्हणाल्या ‘एवढंच होतं?’ आणि मी मनात पंपाची ती दुपार आठवत होते. सिस्टरशी बोलायचं कसं, नेमका प्रश्न काय विचारायचा, हे मात्र कोर्समध्ये कुठेच नव्हतं, आणि रोजचं निम्मं काम तेच आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन त्या सरांचेच. ॲडमिशन घ्यायच्या आधी लॅबमध्ये जाऊन सेफ्टी ॲनालायझर (अर्थिंग, लीकेज मोजायचं मशीन) किती आणि बॅचला मुलं किती एवढं नक्की विचारा. आमच्याकडे एक होता, आणि आम्ही अठरा जण.