मिरची लाल होती, बी मात्र कच्चं निघालं

शहादा तालुक्यात आमची छोटी रोपवाटिका आहे. मिरचीची रोपं मी स्वतः करते. घरच्या शेतापुरती ठेवून उरलेली गावातल्या चौघा-पाच जणांना देते. गेल्या वर्षी मे संपता संपता एक माणूस मोटरसायकलवरून दारात आला. "ताई, गावरान निवड आहे, झाडावर लाल झालेल्या फळांचंच बी," असं म्हणत त्यानं गर्द लाल, खडखडीत वाळलेल्या मिरच्या माझ्या ओंजळीत टाकल्या. मग पिशवीतून एक ओलं फडकं काढून उलगडलं. त्यात शंभरेक बिया होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीला पांढरा मोड आलेला.

आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "पावती नाही, लेबल नाही, घेऊ नकोस." पण ते मोड माझ्या डोळ्यांसमोर होते. मी २०० ग्रॅम बी २,४०० रुपयांना घेतलं. फडक्यातलं बी आणि पिशवीतलं बी एकच आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ग्रॅममध्ये साधारण दीडशे बिया धरून ९८ कप्प्यांचे ३०० ट्रे भरले. कोकोपीट, मजुरी, सावलीची जाळी, सगळा खर्च केला. चांगलं बी या दिवसांत आठव्या-दहाव्या दिवशी एकसारखं वर येतं. बाराव्या दिवशी मी दहा ट्रे मोजले. ९८० कप्प्यांत २८७ रोपं होती. बाविसाव्या दिवसापर्यंत एकेक करत आणखी शंभरेक वर आली, पण ती इतकी बारीक की पहिल्या रोपांशेजारी लावायच्या लायकीची नव्हती. त्यातलीही बरीच बुडाशी काळी पडून कोलमडली.

उरलेलं बी घेऊन मी कृषी विज्ञान केंद्रात गेले. तिथल्या साहेबांनी ते पांढऱ्या कागदावर पसरून भिंग हातात दिलं. थोड्या बिया भरलेल्या, पिवळसर होत्या. बऱ्याच कागदासारख्या चपट्या. काही तपकिरी, कडेला काळपट. त्यांनी जे समजावलं ते मिरची पिकवणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं असं मला वाटतं.

फूल उमलल्यापासून फळ झाडावर पूर्ण लाल व्हायला साधारण पन्नास दिवस किंवा थोडे जास्त लागतात. तोवर बी आतून भरत असतं. हिरव्या फळातलं बी दिसायला बीच, पण त्यातला अंकुर आणि त्याची शिदोरी अर्धवट असते. फळ रंग बदलू लागताना तोडलं आणि आठवडाभर सावलीत ठेवलं तर बी फळातच आणखी पिकतं, उगवण सुधारते. पण अगदी कोवळं फळ ढिगात पडून लाल झालं तरी आतलं बी झाडावर पिकलेल्या बियाची बरोबरी करत नाही. आणि मिरची एकदा वाळली की ती झाडावर लाल झाली की ढिगात, हे रंगावरून कळत नाही. मला दाखवलेल्या मिरच्यांचा रंग म्हणजे काहीच पुरावा नव्हता.

तपकिरी बियांचा उलगडा नंतर झाला. आमच्याकडे निंदायला येणारी एक मावशी हिवाळ्यात नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या उघड्या मैदानावर, देठ खुडायला जाते. ती म्हणाली, पथारीवर झडलेलं बी झाडून पोत्यात भरतात आणि ते स्वस्तात नेणारे लोक असतात. माझं बी तिथलंच होतं हे मी सिद्ध करू शकत नाही, पण सगळ्या खुणा जुळतात. पथारीवर कच्चा-पक्का माल एकत्र असतो, उघड्यावर तापतो, अवकाळी आला की भिजतो. ओलं बी उन्हाळाभर बंद पोत्यात राहिलं की त्याचा जोम जातो, फळकुजीची बुरशी बियासोबत ट्रेपर्यंत येते. शिवाय तिथे संकरित वाणांचाही माल असतो, आणि त्यांच्या बियांतून एकसारखी झाडं येत नाहीत. जी रोपं जगली त्यांना शेतात कुठे लांब, कुठे आखूड, कुठे जाड सालीची मिरची लागली, ती त्यामुळेच असावी.

तक्रार द्यायला तालुक्याला गेले. तिथे पावती, पिशवी आणि लेबल मागितलं. माझ्याकडे तिन्ही नव्हतं. प्रमाणित मिरची बियाण्याची उगवण किमान ६० टक्के असावी लागते, ओलावा ८ टक्क्यांच्या आत. पण हे ज्याच्याकडून वसूल करायचं त्याचा फोन कायमचा बंद होता. गावातल्यांची आगाऊ रक्कम मी परत केली. शेजारच्या काकूंनी दुसरीकडून रोपं आणेपर्यंत ऑगस्ट उजाडला आणि त्यांचे पहिले दोन तोडे गेले. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण त्यांनी विश्वास माझ्यावर ठेवला होता.

यंदा आमच्या जुन्या गावरान वाणाच्या निरोगी झाडांवर खुणेचे दोरे बांधले. फळं पूर्ण लाल होऊन किंचित सुरकुतल्यावर तोडली, आठवडा सावलीत पसरली, मग बी काढून सावलीतच वाळवलं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवलं. बियातला ओलावा एक टक्का कमी झाला की त्याचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं, असं साहेबांनी सांगितलं होतं. म्हणून वाळवायला घाई केली नाही. डब्यावर तोडणीची तारीख आहे.

मे महिन्यात तो किंवा त्याच्यासारखा कुणी तुमच्याही दारात येईल आणि ओलं फडकं उलगडेल. त्याला सांगा, फडक्यातलं नको, विकायच्या पिशवीतले शंभर दाणे माझ्यासमोर मोजून दे आणि चौदा दिवसांनी पैसे न्यायला ये.