परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी जळगावातले एक समुपदेशन केंद्र

थायलंडमधील शाळांत दशकभराहून अधिक काळ इंग्रजी शिकवत असताना, त्यातल्या शेवटच्या टप्प्यात झोप उडाली आणि वर्गाबाहेर कोणाशी बोलण्याचीही इच्छा उरली नाही, तेव्हा मी जळगावातील एका लहान समुपदेशन केंद्राची सेवा व्हिडिओ कॉलवर घेऊ लागलो आणि गावी परतल्यावर ती प्रत्यक्ष जाऊन पुढे चालू ठेवली. केंद्र चालवणाऱ्या मॅडमना प्रसिद्धी नको असल्यामुळे मी नाव लिहीत नाही, परंतु सेवेविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण अमळनेर, चोपडा, शहादा या भागांतून इंग्रजी घेऊन एम.ए., बी.एड. झालेली मुले-मुली थायलंड, व्हिएतनाम, ओमान, मालदीव येथे शिकवायला जातात आणि त्यांच्या मनावर काय ओढवते याची चर्चा आपल्याकडे होत नाही. माझे मत आधीच सांगतो: ही सेवा चांगली आहे, कुटुंबाला बरोबर घेण्याच्या बाबतीत तर फारच चांगली आहे, आणि तिच्या मर्यादाही ठळक आहेत.

त्रासाचे स्वरूप समजल्याशिवाय सेवेचे मोल कळणार नाही. घरच्यांना फोटोतली मंदिरे आणि समुद्र दिसतो. व्हिसा त्या एका नोकरीला बांधलेला असतो, नोकरी संपली की राहण्याची मुदतही संपते, आणि थायलंडमध्ये दीर्घकाळ राहणाऱ्या परदेशी माणसाला दर ९० दिवसांनी इमिग्रेशनकडे आपला पत्ता कळवावा लागतो, हे त्यांना दिसत नाही. करार बहुधा वर्षाचा असतो, कधी त्याहूनही कमी. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या शिक्षकाला टोइकसारख्या इंग्रजी प्रावीण्याच्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात आणि तेच तास, तेच वर्ग घेऊनही पगार अनेकदा ब्रिटिश किंवा अमेरिकन सहकाऱ्यापेक्षा कमी असतो. वर्गात दिवसभर सोपी, सावकाश, हातवाऱ्यांची इंग्रजी बोलायची आणि चेहरा सतत प्रसन्न ठेवायचा, असे वर्षानुवर्षे केल्यावर गुंतागुंतीचे काही बोलण्याची सवयच मोडते. त्याच काळात घरी फोनवर आपण फक्त ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगत असतो.

याआधी मी एका परदेशी ॲपवरून इंग्रजीत समुपदेशन घेऊन पाहिले होते. समुपदेशक सज्जन आणि प्रशिक्षित होते. तथापि आईवडिलांना पैसे पाठवणे, धाकट्या भावाच्या शेतीचे कर्ज अंगावर घेणे, काकांच्या दहाव्याला पोहोचता न आल्याची सल बाळगणे, या सगळ्याकडे ते ‘कुटुंबापासून योग्य अंतर राखता न येणे’ म्हणून पाहत राहिले. मला अंतर कमी करायचे होते. अर्धे सत्र दहावा म्हणजे काय हे समजावण्यात जाई, आणि जे सांगायचे ते तसेच राहून जाई.

जळगावच्या मॅडमनी पहिल्या सत्रात झोप, भूक आणि मनःस्थिती यांची नेहमीची प्रश्नावली घेतली, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का हेही स्पष्ट विचारले आणि त्यानंतर मला साध्या रेघांच्या कागदावर चार रकाने आखायला लावले. पहिल्यात वर्ष, दुसऱ्यात त्या वर्षी कोठे राहत होतो, तिसऱ्यात माझ्या आसपासचे कोण सोडून गेले आणि चौथ्यात माझ्या गैरहजेरीत गावी काय घडले. चौथा रकाना झरझर भरला: बहिणीचे डोहाळजेवण, आजीचे जाणे, वादळात आडवी झालेली केळीची बाग. अडलो तो तिसऱ्यावर. तिथले शालेय वर्ष मार्चमध्ये संपते आणि दर मार्चला दोन-चार सहकारी निरोपाचे जेवण करून निघून जातात. सुरुवातीच्या वर्षांतले फिलिपिनो, दक्षिण आफ्रिकन मित्र मला नावानिशी आठवत होते, परंतु अलीकडच्या वर्षांतल्या ज्या माणसांशेजारी बसून मी रोज दुपारचे जेवण घेतले होते, त्यांची नावेच आठवेनात. मॅडम म्हणाल्या, “सर, माणूस मार्चमध्ये जाणार हे ठाऊक असल्याने तुम्ही जूनमध्ये त्याची ओळखच करून घेत नाही. हे किती वर्षांपासून चालले आहे, ते कागदावर दिसते आहे.” मी हे सारे थकवा समजत होतो. तो थकवा होताच, पण त्याचे मूळ त्या कागदाने दाखवले.

त्यानंतरचे काम संथ आणि ठोस होते. मार्चमध्ये न संपणारी नाती त्यांनी मला शोधायला सांगितली, म्हणून मी ज्या गल्लीत राहत होतो तिथल्या दुकानदारांशी, घरमालकिणीशी थाई भाषेत बोलू लागलो आणि इतकी वर्षे टाळलेला थाई लिपीचा वर्ग लावला. झोपेसाठी ठरावीक वेळापत्रक आखून दिले. ‘आता परत या’ किंवा ‘अजून थोडी कळ काढा’ यांपैकी एकही वाक्य त्यांनी उच्चारले नाही. नातेवाइकांकडून ही दोन्ही वाक्ये अखंड ऐकणाऱ्या माणसाला याचे मोल निराळे सांगायला नको.

या केंद्राची खरी ताकद मात्र कुटुंबासह होणाऱ्या सत्रात आहे. आई केंद्रात जाऊन बसली, मी पडद्यावर होतो, आणि मॅडम तिच्याशी सरळ अहिराणीत बोलल्या. श्रावणातली कानबाई (खानदेशातला देवीचा सण) थायलंडमधल्या शालेय वर्षाच्या पहिल्या सत्राच्या ऐन मध्यावर येते, त्यामुळे नोकरी लागल्यापासून मला ती एकदाही मिळाली नव्हती. आमच्या घरी नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात आणि आई माझ्या नावाचे गहू दरवर्षी मोजत होती. भावाने फोनवर हे सांगितले की मला ते ओझे वाटे, आपण काहीतरी चुकवत आहोत असे वाटून त्या रात्री झोप लागत नसे. आईला हे त्या दिवशी प्रथमच कळले. तिने विचारले, “तू तठे जेवस का नीट?” आणि मग मॅडमकडे वळून म्हणाली की पोरगा दूर आहे म्हणून त्याची मूठ कमी करायची का. त्या सत्रात कोणताही मोठा निर्णय झाला नाही. पण तेव्हापासून घरी फोन करताना वाईट दिवसाला वाईट म्हणणे मला जमू लागले, आणि वडिलांनीही गावात ‘मुलगा मोठ्या हुद्द्यावर आहे’ असे सांगत फिरणे हळूहळू थांबवले.

परतण्याचा निर्णय मी पुढे स्वतःच घेतला, आणि त्या वेळी केंद्राची दुसरी बाजू उपयोगी पडली. परक्या देशातल्या सांस्कृतिक धक्क्याचे टप्पे कालेर्व्हो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडले, आणि गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्ये दाखवले की मायदेशी परतल्यावरही तसाच चढउतार पुन्हा भोगावा लागतो. मॅडमनी ही माहिती मला विमानाचे तिकीट काढण्याआधी दिली आणि परतीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांचा आराखडा करून घेतला. तसेच घडले. इथल्या शाळांनी परदेशातला अनुभव पगारात धरला नाही, ‘परत आला म्हणजे तिकडे काही बिनसले असणार’ हे ओट्याओट्यावर बोलले गेले, आणि बाजारात भाजी घेतानाही मी हातवारे करत एकेक शब्द सुटा बोलतो, हे भावाने लक्षात आणून दिले. आधी सूचना मिळाली असल्यामुळे या गोष्टी झेलता आल्या.

आता मर्यादा. समुपदेशन केंद्र औषध देत नाही. त्यांच्याशी जोडलेले एक मनोविकारतज्ज्ञ आहेत, परंतु भारतातल्या २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन किंवा व्हिडिओवरून तपासणी) मार्गदर्शक सूचनांच्या कक्षेत भारताबाहेर असलेल्या रुग्णाची तपासणी येत नाही, त्यामुळे झोपेच्या औषधासाठी मला बँकॉकमध्येच डॉक्टर गाठावा लागला. केंद्राने हे पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितले, याचे श्रेय त्यांना देतो. संध्याकाळच्या वेळा मोजक्या आहेत आणि नव्या माणसाला कित्येक आठवडे थांबावे लागते. पन्नास मिनिटांचे शुल्क ९०० रुपये आहे. हे परदेशी ॲपपेक्षा पुष्कळ कमी असले, तरी नोकरी सोडून आलेल्या माणसाला जड जाते आणि त्यात सवलतीची सोय नाही. प्रतीक्षेची खोली अगदी लहान असून बाहेरच्या जिन्यावरून दिसते. जळगावसारख्या शहरात ओळखीचे कोणी पाहील या धास्तीने लोक परत फिरतात, तेव्हा तिथे निदान एक पडदा लावावा, असे मी त्यांना सुचवले आहे. आपल्यासारखे अनुभव असलेल्यांचा गटही त्यांनी सुरू करायला हवा, कारण सहकारी दरवर्षी बदलत राहिल्याने पडलेली उणीव एकट्या समुपदेशकाने भरून निघत नाही.

तातडीच्या प्रसंगी या केंद्रावर विसंबून राहू नये, रात्री तिथे फोन उचलला जात नाही. भारतात असाल तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. थायलंडमध्ये असाल तर तिथल्या मानसिक आरोग्य विभागाची १३२३ ही हेल्पलाइन आहे. केंद्राची वेळ घेताना भारताची साडेसात ही थायलंड आणि व्हिएतनामची रात्रीची नऊची वेळ आहे, हे ध्यानात ठेवावे. घरच्यांसह सत्र हवे असेल तर ते नोंदणी करतानाच सांगावे, कारण त्यासाठी मॅडम दीड तास राखून ठेवतात आणि तशी वेळ फक्त रविवारी असते.