क्रॉनी, आठ महिन्यांनंतर: झाकण लावलेल्या लॅपटॉपचं घड्याळ

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, अमरावतीत राहतो. लॅपटॉपचं घड्याळ अर्ध्या सेकंदाच्या आत बरोबर असावं, एवढीच माझी मागणी. एफटी८ मध्ये (संगणकाने छोटे संदेश रेडिओवर पाठवायची पद्धत) दर १५ सेकंदांनी पाळी येते आणि प्रत्येक संदेश १२.६४ सेकंद चालतो. घड्याळ दोन-अडीच सेकंदांनी चुकलं, की वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावर, रेघा ठळक दिसतात, पण डिकोड काहीच होत नाही, एकही संदेश वाचता येत नाही. नोव्हेंबरात जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकलं, सोबत क्रॉनी बसवलं, म्हणजे नेटवरून वेळ घेऊन घड्याळ बरोबर ठेवणारा प्रोग्राम. आता जून संपत आलाय.

घरी नेट चालू असताना तक्रारीला जागा नाही. खरी परीक्षा जानेवारीत चिखलदऱ्याला झाली. लॅपटॉप चार दिवस झाकण लावून पडला होता आणि डोंगरावर नेट नव्हतं. १४.०७४ मेगाहर्ट्झवर बँड गजबजलेला, तरी डिकोड जेमतेम तीन, आणि त्यांच्यापुढे डीटीच्या रकान्यात (माझ्या घड्याळाने संदेश किती सेकंद उशिरा आला; उणे म्हणजे लवकर) −१.९, −२.१, −२.०. तीन देशांतल्या तीन जणांची घड्याळं एकाच बाजूला तेवढीच चुकणार नाहीत. माझं घड्याळ मागे पडलं होतं.

यात क्रॉनीचा दोष नाही. स्लीपमध्ये, म्हणजे झाकण लावून लॅपटॉप झोपल्यावर, प्रोसेसरचं वेळ मोजणारं काउंटर थांबतं. जागी असते ती फक्त मदरबोर्डवरची आरटीसी, म्हणजे सतत चालणारं छोटं घड्याळ, ३२,७६८ हर्ट्झच्या इवल्याशा क्रिस्टलवर चालणारी. लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) झोपताना तिची वेळ टिपून ठेवतं, उठल्यावर पुन्हा वाचतं आणि मधला फरक घड्याळात मिळवतं. म्हणजे त्या चार दिवसांत माझं घड्याळ तेवढंच खरं, जेवढं ते क्रिस्टल खरं. हे क्रिस्टल साधारण २५ अंशांना सगळ्यात नेमकं चालतं. त्याहून थंडी वाढो की ऊन, दोन्हीकडे ते मागेच पडतं, आणि तेही फरकाच्या वर्गाच्या पटीत: दर अंश-वर्गाला दशलक्षात सुमारे ०.०३४ भाग. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४५ अंश सहज होतात. २० अंशांचा फरक म्हणजे दिवसाला जवळपास १.२ सेकंद, आणि क्रिस्टलची मूळची चूक त्याशिवाय.

आरटीसी वाचताना फक्त पूर्ण सेकंद मिळतात. त्यामुळे मला वेगळीच धास्ती होती. मी दिवसातून सहा-सात वेळा झाकण लावतो, दरवेळी सेकंदभर इकडेतिकडे झालं तर आठवड्यात काय उरेल? तसं झालं नाही. सिस्टिमची वेळ आणि आरटीसी यांच्यातला फरक कर्नल एका झोपेपासून पुढच्या झोपेपर्यंत लक्षात ठेवतं आणि तो शक्यतो तेवढाच राहील असं बघतं, म्हणून चूक साचत जात नाही. हे ज्यांनी लिहिलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

क्रॉनीची एक सेटिंग मात्र लॅपटॉपवर बदलावीच लागते. डेबियनमधल्या क्रॉनीच्या फाइलमध्ये मेकस्टेप या सेटिंगपुढे १ आणि ३ असतं: चूक सेकंदापेक्षा मोठी असेल तर वेळ एकदम दुरुस्त करायची, पण सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन मापांतच. पुढे सगळी दुरुस्ती हळूहळू होते, जास्तीत जास्त दर सेकंदाला सेकंदाचा बारावा भाग या वेगाने. सात सेकंद भरून यायला किमान ८४ सेकंद जातात. डेटाबेस चालवणाऱ्या सर्व्हरवर ही सावधगिरी हवीच. मी ३ च्या जागी −१ घातलं, म्हणजे तीन मापांची मर्यादाच काढली. शिवाय सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सिस्टिम-स्लीप फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवली, ती जाग आल्यावर क्रॉनीला लगेच चार मापं घ्यायला लावते.

टायमरने मला एकदा चांगलंच गंडवलं. बॅटरीच्या चार्जिंगसाठी टर्मिनलवर दोन तासांचा स्लीप कमांड (तेवढा वेळ थांबणारा) लावला, मध्ये तासभर झाकण बंद होतं, आणि तो तिसऱ्या तासाला वाजला. हा कमांड कर्नलच्या मोनोटॉनिक घड्याळावर मोजतो, आणि ते झोपेत थांबतं. झोप धरून मोजणारं बूटटाइम वेगळं आहे, ते २०११ पासून कर्नलमध्ये आहे. २०१८ मध्ये कर्नलच्या ४.१७ आवृत्तीच्या तयारीत दोन्ही एक करून पाहिली होती. तेव्हा लांब झोपेनंतर सिस्टिमडी चांगल्या चालत्या सेवा बंद पाडू लागलं, कारण वॉचडॉगच्या (सेवा गप्प झाली का ते बघणाऱ्या पहारेकऱ्याच्या) हिशोबाने त्या तेवढा वेळ गप्प होत्या. बदल मागे घेतला गेला, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. आता मी टायमर घड्याळी वेळेवर लावतो.

एप्रिलमध्ये यूएसबी जीपीएस घेतला. पीपीएसची (दर सेकंदाला नेमका ठोका देणारी) तार नाही, त्यामुळे वेळ जरा उशिरा पोचते. घरी नेटच्या सर्व्हरशी ताडून तो उशीर भरून काढायला ०.१२ सेकंदाचा ऑफसेट दिला. गेल्या आठवड्यात, पावसाआधी, पुन्हा चिखलदऱ्याला गेलो. लॅपटॉप तीन दिवस झोपलेला, नेट नाही. जीपीएस गाडीच्या टपावर ठेवला आणि चहा होईपर्यंत थांबलो. पहिल्याच पाळीला अकरा डिकोड, डीटी ०.१ च्या आसपास.