पावसाळ्यासाठी ड्रायर घेताना: व्हेंटेड, कंडेन्सर की हीट पंप?

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि वाळले तरी कुबट वास सोडत नाहीत. मग ड्रायरचा विषय निघतो. दुकानात गेलं की बोलणं किलो, स्टार आणि ऑफरवरच सुरू होतं. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: कपड्यांतून निघालेलं पाणी आणि उष्णता तुमच्या घरातून कुठे जाणार? याचं उत्तर मिळालं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आधी पाण्याचा हिशेब. कोरडे असताना ५ किलो भरणारे सुती कपडे १००० आरपीएमवर (मिनिटाला १००० फेरे) पिळले, तर त्यांत साधारण ३ लिटर पाणी उरतं. ८०० वर साडेतीन, १४०० वर अडीच. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.६३ युनिट वीज लागते. हीटरच्या ड्रायरमध्ये प्रत्यक्षात ती एक युनिटच्या आसपास जाते. म्हणून ड्रायर कुठलाही घ्या, वॉशिंग मशीनचा स्पिन कापडाला झेपेल तितका वाढवा. पाणी पिळून काढणं हे उकळवून काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

व्हेंटेड

यात हीटर, पंखा आणि ड्रम, एवढंच. गरम हवा कपड्यांतून फिरते आणि ओली होऊन ४ इंची पाइपातून बाहेर जाते. मशीन हलकं असतं, तिघांत स्वस्त असतं, दुरुस्ती सोपी असते आणि एक लोड तास-दीड तासात वाळतो.

अडचण पाइपाची. तो थेट बाहेर उघडला पाहिजे, शक्य तितका आखूड हवा आणि वळणं एक-दोनच हवीत. पाइप ॲल्युमिनियमचा घ्या, आतून जितका गुळगुळीत तितका चांगला. प्लास्टिकच्या घड्यांच्या पाइपात लिंट, म्हणजे कपड्यांची बारीक मऊ धूळ, साचते आणि ती पटकन पेटते. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला सोसायटीची परवानगी लागू शकते, ती मशीन घेण्याआधी काढा. पाइप न लावता व्हेंटेड चालवला तर प्रत्येक लोडमागे जवळजवळ ३ लिटर पाण्याची वाफ खोलीत सुटते. महिन्याभरात कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते.

आणखी एक गोष्ट, जी विक्रेते क्वचितच सांगतात. हा ड्रायर खोलीतली हवा सतत बाहेर फेकतो. त्याच बंद जागेत गॅस गीझर असेल तर गीझरचा धूर उलटा आत खेचला जाऊ शकतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. गॅस गीझरच्या शेजारी व्हेंटेड ड्रायर बसवूच नका.

कंडेन्सर

याला पाइप लागत नाही. ओली हवा आतल्या थंड पत्र्यांवरून जाते, वाफेचं पाणी होतं आणि ते टाकीत जमतं किंवा नळीने मोरीत सोडता येतं. पण ते पत्रे थंड ठेवण्यासाठी मशीन खोलीचीच हवा वापरतं, आणि २ ते अडीच हजार वॅटच्या हीटरची जवळपास सगळी उष्णता त्याच खोलीत येते. काचा लावून बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत अर्ध्या तासात भट्टी होते. खोली तापली की वाफेचं नीट पाणी होत नाही, कपडे दमट निघतात आणि लोक मशीनला दोष देतात. मोठी, खेळती हवा असलेली जागा असेल तरच हा पर्याय धरा.

हीट पंप

यात एसीसारखा कॉम्प्रेसर असतो. एका बाजूने तो हवा गरम करतो, दुसऱ्या बाजूने तीच हवा थंड करून पाणी काढतो आणि उष्णता पुन्हा वापरतो. त्यामुळे हजार वॅटच्या आतबाहेर काम होतं, खोली फार तापत नाही आणि तापमान ५०-६० अंशांच्या आसपास राहिल्याने कपड्यांचा रंग, लवचीकपणा टिकतो. किंमत मात्र व्हेंटेडच्या दुप्पट किंवा जास्त, आणि लोडला दोन ते तीन तास.

बिघाड होतो तो बहुधा लिंटमुळे. गाळणीतून सुटलेली धूळ इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे हवा थंड करणाऱ्या भागाच्या, बारीक पात्यांत अडकते, वेळ वाढत जाते आणि शेवटी कॉम्प्रेसरवर ताण येतो. काही मॉडेलांत तो भाग खालचं झाकण काढून घरी साफ करता येतो. काहींत मशीन स्वतः पाणी मारून धुतं, पण धूळ घट्ट बसली तर मेकॅनिकलाच उघडावं लागतं. आम्ही हाताने साफ करता येणारं मॉडेल घेऊ. वाहतुकीत मशीन आडवं झालं असेल तर ते पुस्तिकेत दिलेला वेळ उभं ठेवूनच चालू करा, नाहीतर कॉम्प्रेसरचं तेल जागेवर नसताना तो फिरतो.

वॉशर-ड्रायरबद्दल थोडक्यात: ८ किलो धुणारं मशीन एका वेळी साधारण ५ किलोच वाळवतं. बऱ्याच मॉडेलांत वाफ थंड करायला नळाचं पाणीही खर्च होतं. वाळवण्याचा भाग बिघडला की धुणंही अडतं. जागा अगदीच नसेल तरच.

बिलाचा हिशेब

५ किलोच्या लोडला हीटरवाल्याचे ३ युनिट धरा, हीट पंपचे दीड. युनिटला १० रुपये धरले तर फरक १५ रुपयांचा. पावसाळ्यात दिवसाआड म्हणजे ६० लोड, वाचले ९०० रुपये. किमतीतला फरक २५-३० हजारांचा असेल तर फक्त पावसाळी वापरात तो भरून निघत नाही. रोज, बाराही महिने चालवलात तर वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास वाचतात आणि पाच-सहा वर्षांत पैसे वसूल होतात. म्हणून चार महिन्यांपुरताच हवा असेल आणि पाइप सरळ बाहेर निघत असेल, तर व्हेंटेड घ्यायला काहीच कमीपणा नाही. पाइपाची सोय नसलेल्या फ्लॅटमध्ये हीट पंपच. तिथे जादा पैसे बिलासाठी नाही, कोरड्या भिंती आणि सोसवेल अशा खोलीसाठी मोजायचे.

आगीचा धोका

लंडनच्या शेपर्ड्स बुश भागातल्या एका टॉवरला ऑगस्ट २०१६ मध्ये लागलेली आग इंडेसिटच्या ड्रायरमधून सुरू झाली होती. इंडेसिट ज्यात मोडते त्या व्हर्लपूल गटाच्या एप्रिल २००४ ते सप्टेंबर २०१५ दरम्यान बनलेल्या अनेक ड्रायरमध्ये लिंट हीटरला लागण्याचा दोष होता, आणि २०१९ मध्ये ते परत मागवले गेले. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी जुना ड्रायर घेताना मॉडेल नंबर उत्पादकाच्या यादीत तपासावाच.

घरचे नियम मोजके आहेत. लिंटची जाळी प्रत्येक लोडनंतर साफ करायची. ओल्या बोटाने पुसली की धूळ गोळा होऊन निघते. स्वयंपाकघरातले तेलकट फडके, मालिशचे पंचे धुऊनही ड्रायरमध्ये नकोत. शेंगदाणा, सूर्यफूल, जवस यांची तेलं धुऊनही थोडी उरतात, गरम ढिगाऱ्यात हवेशी संयोग पावून आणखी तापतात आणि कपडे आपोआप पेटू शकतात. फोमच्या उशा आणि रबर लावलेली पायपुसणीही नकोत.

शेवटचा थंड करण्याचा टप्पा याच कारणासाठी असतो. मध्येच वीज गेली तर तो टप्पा होत नाही आणि गरम कपडे ड्रममध्ये गोळा होऊन पडतात. कोकणात पावसाळ्यात हे नेहमीचंच. अशा वेळी दार उघडून सगळे कपडे लगेच बाहेर काढून पसरा. म्हणूनच घरात कोणी नसताना किंवा रात्री झोपताना ड्रायर लावू नये.

जोडणीसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. आणि थर्मल फ्यूज (मशीन जादा तापलं की वीज तोडणारा) उडाला की तो ‘डायरेक्ट’ करून, म्हणजे फ्यूज वगळून तारा थेट जोडून, देणाऱ्या मेकॅनिकला थांबवा. फ्यूज बहुतेक वेळा हवेचा मार्ग तुंबल्यामुळे उडतो, तेव्हा आधी जाळी, पाइप आणि पंखा उघडून साफ करायला सांगा, मगच नवा फ्यूज बसवू द्या.